अक्षराचे चित्र पाठविणारा रेडिओ : हेलश्रायबर पद्धतीची ओळख

आपल्या देशातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. तरीही तारेतील एखाद्या चुकीच्या शब्दाने उडालेल्या गोंधळाच्या हकिगती वडीलधारी मंडळी आजही सांगतात. त्या ऐकताना हसू येते खरे. परंतु त्यांच्या मुळाशी एक गंभीर गोष्ट आहे. चुकलेला शब्दसुद्धा तारेच्या कागदावर बरोबर शब्दाइतकाच ठसठशीत उमटलेला असे. वाचणाऱ्याला शंका यावी असे त्यात काहीच नसे.

हीच गोष्ट संकटकाळी प्राणांवर बेतू शकते. पुराने वेढलेल्या गावातील आरोग्य केंद्राने औषधाच्या २ पेट्या मागवाव्यात आणि मुख्यालयातील कागदावर मात्र १ हा आकडा उमटावा, अशी कल्पना करून पाहा. यंत्राकडून चूक झाली, हे एक संकट. परंतु चूक झाल्याचे कोणालाच कळले नाही, हे त्याहून मोठे संकट होय. संदेश बिघडलाच, तर तो बिघडल्याचे वाचणाऱ्याला दिसावे, अशी एक रेडिओ-लेखनपद्धती जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी शोधली गेली. तिचे नाव हेलश्रायबर. जगातील काही मोजके हौशी रेडिओचालक ती आजही वापरतात. त्या पद्धतीचा परिचय करून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हौशी रेडिओ आणि संकटकाळ

हौशी रेडिओ, म्हणजेच हॅम रेडिओ, हा स्वतःचे प्रेषक यंत्र चालवून जगभरच्या समानधर्मीयांशी संपर्क साधण्याचा छंद आहे. त्यासाठी केंद्र सरकारच्या संचार मंत्रालयाची परीक्षा उत्तीर्ण होऊन परवाना घ्यावा लागतो. परवानाधारकास स्वतंत्र संकेतनाम मिळते. या लहरींवरून व्यापारी संदेश किंवा गुप्त लिपीतील मजकूर पाठविण्यास मज्जाव आहे.

एरवी छंद म्हणून ओळखले जाणारे हे काम आपत्तीत मोलाचे ठरते. डिसेंबर २००४ मध्ये हैदराबाद येथील राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेचे पथक अंदमानात, पोर्ट ब्लेअर येथून प्रक्षेपण करीत होते. २६ डिसेंबर रोजी भूकंप व त्सुनामीने बेटांचा दूरध्वनी-संपर्क कोलमडला, तेव्हा या पथकाने तेथील लोकांची खुशाली मुख्य भूमीवरील आप्तांना कळविण्याचे काम केले. गोव्यातील वाचकांना मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळ आठवत असेलच. झाडे कोसळून वीजवाहिन्या तुटल्या आणि अनेक भागांतील वीज खंडित झाली. वीज नसली की मोबाईल संचाचा आधारही फार काळ पुरत नाही.

अशा प्रसंगी पाठवावयाची असतात ती प्रामुख्याने नावे, गावे आणि आकडे. खरखरीत आवाजात ती ऐकताना फसगत होते. म्हणून रेडिओवरून लेखी मजकूर पाठविण्याच्या विविध पद्धती निघाल्या. आज हौशी मंडळींत २०१७ मध्ये आलेली एफटी८ ही पद्धत अतिशय लोकप्रिय आहे. परंतु तिच्यातील संदेश आखीव असतात, आणि मुक्त मजकूर एका वेळी केवळ १३ अक्षरांचा जातो. चार ओळींचे पत्र लिहावयाचे झाल्यास अन्य पद्धतीच शोधाव्या लागतात.

दूरमुद्रकाची उणीव

जुन्या दूरमुद्रकात, म्हणजे टेलिप्रिंटरमध्ये, प्रत्येक अक्षरासाठी पाच स्पंदांचा एक संकेत ठरलेला होता. स्पंद 'आहे' किंवा 'नाही' एवढेच यंत्र ओळखी. आंतरराष्ट्रीय संकेतानुसार १ या आकड्यासाठी 'आहे, आहे, आहे, नाही, आहे' असा क्रम असून २ या आकड्यासाठी 'आहे, आहे, नाही, नाही, आहे' असा आहे. दोहोंत फरक फक्त तिसऱ्या स्पंदाचा. विजेच्या एका कडकडाटाने तो स्पंद पालटला की १ चा २ होतो, आणि यंत्र तो २ स्वच्छ छापून मोकळे होते.

याचे कारण असे की येथे निर्णय यंत्र घेते. ते संकेत वाचते, अक्षर ठरवते आणि आपल्यासमोर केवळ निकाल ठेवते. पुरावा आपल्याला दिसतच नाही.

रुडॉल्फ हेल यांची युक्ती

जर्मनीतील बव्हेरिया प्रांतात १९०१ साली जन्मलेल्या रुडॉल्फ हेल या अभियंत्याने १९२९ मध्ये वेगळाच मार्ग काढला. अक्षराचा संकेत न पाठवता त्यांनी अक्षराचे चित्रच पाठविले. 'श्रायबर' म्हणजे लिहिणारा. 'हेल' हे त्यांचे आडनाव. जर्मन भाषेत त्याचा अर्थ उजळ किंवा स्वच्छ असा होतो. इंग्रजीतील नरकवाचक शब्दाशी त्याचा काही संबंध नाही. पुढे वृत्तसंस्थांनी बातम्या पाठविण्यासाठी ही पद्धत स्वीकारली आणि दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्याने तिची सुटसुटीत आवृत्ती रणक्षेत्रावर वापरली. रणक्षेत्रावरील याच आवृत्तीला 'फेल्डहेल' म्हणतात, आणि हौशी मंडळींत तीच रूढ आहे.

हेल यांनी पुढे १९६५ मध्ये 'डिजिसेट' हे अक्षरजुळणीचे यंत्र आणले. त्यातही अक्षर ठिपक्यांत मोडून साठविण्याचेच तत्त्व होते. मार्च २००२ मध्ये, वयाची शंभरी ओलांडल्यावर, त्यांचे निधन झाले.

पद्धत चालते कशी?

चौकटीच्या कागदावर अक्षर काढावे, तसे फेल्डहेलमध्ये प्रत्येक अक्षर आडवी ७ व उभी ७ अशा ४९ चौकटींत बसविले जाते. अक्षरांमधील मोकळी जागाही त्यातच येते. अक्षराचे वळण नीट यावे म्हणून प्रत्येक चौकट उभ्या दिशेने अर्धी करण्याची मुभा असते. म्हणजे एका उभ्या रांगेत १४ अर्धे भाग होतात. प्रेषक यंत्र पहिली उभी रांग खालून वर वाचते, मग उजवीकडची दुसरी, मग तिसरी. चौकट काळी असेल तर लहर सोडावयाची, पांढरी असेल तर थांबावयाचे, एवढाच नियम.

एका सेकंदाला अडीच अक्षरे, म्हणजे मिनिटाला १५० अक्षरे, हा तिचा वेग होय. लिहिता हात साधारण याच वेगाने टंकलेखन करतो. तिला लहरींची सुमारे ३५० हर्ट्झ रुंदीची पट्टी पुरते. बोलण्यासाठी याच्या कित्येक पट जागा लागते. शिवाय अक्षरात काळ्यापेक्षा पांढरा भाग अधिक असल्याने प्रेषक यंत्र बराच वेळ विसावलेले असते. बॅटरीवर चालणाऱ्या केंद्राला हा लाभ लहान नव्हे.

ग्राही यंत्र काहीच ठरवीत नाही. लहर आली की कागदाच्या पट्टीवर काळा ठिपका उमटवावयाचा, इतकेच त्याचे काम. वाटेत गडगडाट झाला तर कागदावर नको तेथे ठिपके पडतात आणि लहर क्षीण झाली तर रेघ तुटते. तरीही मनुष्याचा डोळा त्यातून अक्षर ओळखतो. जीर्ण शिलालेख किंवा डाग पडलेले पत्र आपण वाचतो, त्यातलाच हा प्रकार. बिघाड फारच झाला तर अक्षर वाचता येत नाही. पण आपल्याला ते वाचता आलेले नाही, हे निश्चित कळते. मग तेवढाच आकडा पुन्हा मागविता येतो.

दोन ओळींचे रहस्य

हेलश्रायबरचा कागद प्रथम पाहणाऱ्यास एकच मजकूर एकाखाली एक असा दोनदा छापलेला दिसतो. हा दोष नसून योजना आहे. दोन्ही टोकांच्या यंत्रांची गती तंतोतंत जुळणे अवघड. ती किंचित चुकली की ओळ तिरपी होऊन पट्टीच्या वर किंवा खाली सरकू लागते. परंतु मजकूर दोनदा छापला असल्यामुळे एक प्रत कडेला कापली जात असता दुसरी अखंड राहते. म्हणून या पद्धतीत अक्षर कोठे सुरू झाले हे सांगणारा वेगळा स्पंद लागत नाही.

आज वापरावयाचे झाल्यास

जुनी यंत्रे आता संग्राह्य वस्तू झाल्या आहेत. त्यांचे काम संगणक करतो. एफएलडिजी या विनामूल्य संगणक-कार्यक्रमात फेल्डहेलची सोय आहे. पायऱ्या पुढीलप्रमाणे :

१. एकपार्श्वपट्ट, म्हणजे एसएसबी, प्रकारचे लघुलहरी ग्राही यंत्र घ्यावे. त्याचा ध्वनी तारेने संगणकास जोडावा. तार नसल्यास ध्वनिवर्धकाजवळ संगणकाचा मायक्रोफोन ठेवूनही वाचन होते.

२. कार्यक्रमात फेल्डहेल पद्धत निवडावी. रातकिड्यासारखी जलद करकर ऐकू आली की पडद्यावर तिच्या रेषेवर खूण करावी. अक्षरे उमटू लागतात.

३. पार्श्वभूमी काळवंडली तर ग्राही यंत्राची संवेदनशीलता कमी करावी. अक्षरे पुसट आली तर वाढवावी.

४. प्रक्षेपण करताना, आणि त्यासाठी परवाना अनिवार्य आहे, संगणकाचा ध्वनी बेताचाच ठेवावा. तो अधिक झाला की ठिपक्यांच्या कडा बिघडतात आणि शेजारच्या केंद्रांनाही उपद्रव होतो.

५. आकडे दोनदा लिहावेत : एकदा अंकांत, एकदा अक्षरांत. हा नियम कोणत्याही पद्धतीला लागू आहे.

शाळेत करावयाचा प्रयोग

शिक्षकांना हा विषय रेडिओविनाही शिकविता येईल. चौकटीच्या कागदावर १४ ओळी आखाव्यात व त्यांत एका विद्यार्थ्याने 'पाणी' हा शब्द चौकटी काळ्या करून लिहावा. मग एकेक उभी रांग खालून वर वाचत त्याने 'काळा', 'पांढरा' असे पुकारावे. वर्गाच्या दुसऱ्या टोकाकडील विद्यार्थ्याने तसे भरत जावे. मधूनच शिक्षकांनी टाळी वाजवावी. टाळीच्या वेळची चौकट उलटी भरावयाची. दहा-बारा टाळ्यांनंतरही वर्ग 'पाणी' हा शब्द ओळखील. त्यानंतर वर दिलेले १ आणि २ यांचे पाच-स्पंदी संकेत पुकारावेत आणि तिसऱ्या स्पंदाला एकच टाळी द्यावी. आकडा बदलेल आणि कोणाला पत्ताही लागणार नाही.

या प्रयोगातून आणखी एक गोष्ट ध्यानात येईल. प्रचलित संगणक-कार्यक्रमांचा भर रोमन अक्षरांवर असला, तरी ही पद्धत मुळात कोणत्याच लिपीची नव्हे. अक्षर किती रांगांचे आहे हे ग्राही यंत्र मोजीत नाही. त्यामुळे 'क्ष' सारखे रुंद जोडाक्षर दुप्पट रांगांचे झाले तर त्याला ०.४ ऐवजी ०.८ सेकंद लागेल, एवढेच. अडचण आहे ती उंचीची. शिरोरेषेवरील मात्रा आणि खालचा उकार १४ भागांत बसविण्यासाठी अक्षरांचे वळण विचारपूर्वक आखावे लागेल. चित्रकला आणि विज्ञान या दोन्ही विषयांच्या शिक्षकांनी मिळून करण्याजोगे हे काम आहे.

मर्यादा

ही पद्धत सर्वगुणसंपन्न आहे असे मात्र नाही. आलेला मजकूर चित्ररूप असल्याने संगणक त्यात शोध घेऊ शकत नाही. कोणीतरी तो वाचून उतरवून घ्यावा लागतो. लहर दोन वाटांनी येऊन पोहोचली तर अक्षरांना सावल्या पडतात. अतिशय क्षीण लहरींवर ऑलिव्हियासारख्या चूक-दुरुस्तीची तजवीज असलेल्या पद्धती सरस ठरतात. संदेशकेंद्राने एकाच साधनावर विसंबू नये, हे उत्तम.

परंतु हेलश्रायबरची शिकवण साधनापुरती नाही. दूरध्वनीवरून आकडा घेणारा लिपिक, अहवालाची नक्कल करणारा तलाठी, औषधांची यादी वाचणारी परिचारिका, हे सारे संदेश पोहोचविणारेच आहेत. न कळलेला आकडा अंदाजाने सुवाच्य लिहून पुढे पाठविणे हा दूरमुद्रकाचा दोष होय. तो जसा आला तसा ठेवून, त्यावर खूण करून, पुन्हा विचारणे हेच सुरक्षित. औषधाची दुसरी पेटी गावात वेळेवर पोहोचणे कित्येकदा एवढ्याशा खुणेवर अवलंबून असते.