मनाची ओसरी आणि धड्याचे माप

पेण व रोहा ह्या तालुक्यांतील वाड्यांवर शिकवणाऱ्यांच्या तोंडून एक तक्रार वारंवार ऐकू येते, ती अशी की, कातकऱ्याचे मूल आज शिकते व उद्या विसरते, सबब त्याची बुद्धीच मंद. ह्या निकालास आम्ही संमत नाही. मुलास मंद ठरवण्यापूर्वी धडा तपासला पाहिजे, आणि धडा तपासावयाचा तर मनाचा व्यापार कसा चालतो हे कळले पाहिजे.

मन हे एखाद्या घरासारखे आहे असे समजा. मागचे कोठार अफाट आहे, परंतु पुढची ओसरी फारच लहान. नवी गोष्ट प्रथम ओसरीवर येते व तेथे नीट लावली गेली तरच आत जाते. ओसरीवर एका वेळी सुमारे सात गोष्टी मावतात असे अमेरिकेतील जॉर्ज मिलर ह्यांनी १९५६ साली मांडले. पुढे २००१ साली नेल्सन कोवन ह्यांनी ही संख्या चाराच्या आसपास आणली. एक, नऊ, चार, सात, एक, नऊ, सहा, शून्य हे आठ अंक एकदा ऐकून परत म्हणणे कठीण. परंतु ज्यास देश स्वतंत्र झाल्याचे व महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्याचे साल ठाऊक आहे, त्याच्या ओसरीवर ह्या दोनच गोष्टी येतात: १९४७ व १९६०. म्हणजे जुने ज्ञान नव्याचे ओझे हलके करते.

आता विचार करा. कातकरी मुलाची घरची बोली निराळी. शिक्षक पुस्तकी मराठीत बोलतो, तेव्हा त्या मुलाची अर्धी ओसरी शब्द उलगडण्यातच भरून जाते. त्यातच एका बैठकीत अख्खी बाराखडी पुढे मांडली, तर उरलेल्या जागेत काय मावणार? ऑस्ट्रेलियातील जॉन स्वेलर ह्यांनी १९८८ पासून ह्याच ओझ्याचा विचार करून पाठ कसा बांधावा हे शिकवले. त्यांचे एक सांगणे फार उपयोगी आहे: नवशिक्यास एकदम उदाहरण सोडवावयास न देता, आधी सोडवलेले उदाहरण पायरीपायरीने दाखवावे. ही रीत पेणच्या लोकांस नवी वाटू नये. हमरापूर-जोहे भागातील गणपतींच्या कारखान्यांत डोळ्यांची आखणी हे कसलेल्या हाताचे काम समजतात. नवख्यास कोणी पहिल्याच दिवशी त्यासाठी कुंचला देत नाही. वर्गात मात्र आम्ही डोळ्यांपासूनच आरंभ करतो.

तेव्हा पहिल्या दिवशी घ, र, म, न एवढीच अक्षरे घ्यावी. त्यांतून घर, मन, नरम हे शब्द होतात व मूल पहिल्याच दिवशी वाचते. गणितात वीटभट्टीचा विषय काढावा. मजुरी हजार विटांवर मिळते हे ज्या मुलाने आईबापांजवळ राहून पाहिले आहे, त्यास 'हजार' हा शब्द परका नाही. मुलाच्या बोलीतील शब्द शिक्षकाने स्वतः शिकून घ्यावे, त्यात कमीपणा कसला?

विसरण्याविषयी मात्र अधिक सांगितले पाहिजे, कारण खरी अडचण तेथे आहे. जर्मनीतील हर्मान एबिंगहाउस ह्यांनी निरर्थक अक्षरसमूह स्वतः पाठ करून विस्मृती मोजली व १८८५ साली ती प्रसिद्ध केली. तासाभरातच निम्म्याहून अधिक श्रम वाया गेलेले दिसले, आणि तो तर विद्वान मनुष्य होता! परंतु त्यांस आणखी एक गोष्ट आढळली. बारा अक्षरसमूहांची एक मालिका एका बैठकीत ६८ वेळा म्हणून जे साधले, तेच तीन दिवसांत विभागून ३८ वेळा म्हणून साधले. आमच्या जुन्या शाळांतील पावकी-निमकीची रोजची उजळणी ह्या बाबतीत शहाणी होती. अर्थ न समजावता घोकून घेणे हा तिचा दोष होता, परंतु रोज थोडे हा गुणच.

ह्या मुलांचे वर्ष अखंड नसते. दिवाळीनंतर पुष्कळ कुटुंबे वीटभट्ट्यांवर व कोळशाच्या कामावर जातात व पावसाच्या तोंडाशी परततात. इतक्या महिन्यांत उजळणी नाही, तर कोणाच्या मुलाचे अक्षर टिकेल? म्हणून जाण्यापूर्वी प्रत्येकास दहा-बारा शब्दांचे एक पान द्यावे व वाडीवरच्या थोरल्या भावंडास ते विचारण्याची रीत शिकवावी. मुळीच न नेता ज्यांस आजीजवळ ठेवता येईल, त्यांची सोय करणे सर्वांत उत्तम.

परत आल्यावर मागचा धडा लगेच वाचून दाखवू नये, आधी विचारावे. रोडिगर व कार्पिके ह्यांनी २००६ साली विद्यार्थ्यांवर हे पाहिले. उतारा पुन्हा वाचणाऱ्यांस आठवड्यानंतर त्यातील सुमारे ४२ टक्के आठवले. एकदा वाचून मग न पाहता आठवून लिहिणाऱ्यांस ५६ टक्के. पाच मिनिटांनंतर मात्र पुन्हा वाचणारेच पुढे होते, आणि शिक्षक फसतो तो येथेच. जूनच्या पहिल्या आठवड्यात पाटी कोरीच मुलाच्या हाती द्यावी व 'घर' लिही म्हणावे. तो थांबला तर घाईने सांगू नये. थोडा वेळ त्यास आठवू द्यावे. नाहीच आठवले तर मग दाखवावे, व दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा विचारावे.