पगाराची चिठ्ठी नाही, मग कर्ज कसे?

प्रश्न : आमची तिसरी पिढी काशीत, बालाजी घाटाच्या गल्लीत. जुन्या वाड्यांच्या डागडुजीची कामे मी ठेक्याने घेतो. परांचीचे लोखंडी पाइप आणि ड्रिल मशीन घ्यायला तीन लाख हवेत. पगाराची चिठ्ठी नसली तर बँक दारातही उभे करत नाही, असे मित्र म्हणतात. वडिलोपार्जित घर गहाण टाकावे का?
– एक वाचक, वाराणसी

उत्तर : घराला हात लावू नका. एक तर त्यात चुलत्यांचे हिस्से असणार; शिवाय एवढ्या रकमेला गरजही नाही. मुद्रा योजनेच्या ‘किशोर’ गटात ५० हजारांपासून ५ लाखांपर्यंत विनातारण कर्ज मिळते.

बँकेला चिठ्ठी नको असते, उत्पन्नाचा माग हवा असतो. तुमची अडचण बहुधा रोखीची आहे : घरमालक नोटा देतो, त्या मजुरीत जातात, पासबुक कोरेच राहते. यापुढे पैसे खात्यावर घ्या आणि दोन-तीन वर्षांची विवरणपत्रे भरा. कर वाचवायला उत्पन्न कमी दाखवले, तर कर्जही तेवढेच बसते, हे ठेकेदारांना फार उशिरा उमगते. एखाद्या मठ-ट्रस्टचे काम करताना त्यांनी बिलातून टीडीएस कापला असेल तर उत्तमच. ती कपात तुमच्या कामाची नोंद ठरते.

उद्यम नोंदणी फुकट आहे, दलालाला छदाम देऊ नका. मशीनचे कोटेशन घेऊन खाते असलेल्या शाखेतच जा. मोबाइलवरच्या झटपट कर्जाच्या ॲपपासून मात्र लांब राहा. आणि हप्ता ठरवताना गंगेला पूर येतो ते महिने धरा. तेव्हा कामे बंद असतात, हप्ता बंद नसतो.