साखरेविना लेमन कर्ड

प्रश्न : मधुमेहामुळे साखर वर्ज्य आहे. इंग्रजी पद्धतीचे लेमन कर्ड करताना साखरेऐवजी स्टिव्हियाचे थेंब घातले, तर अंड्याच्या गुठळ्या झाल्या. उपाय काय?

उत्तर : या पदार्थात साखरेचे कार्य केवळ माधुर्यापुरते सीमित नसून, अंड्यातील प्रथिने ज्या तापमानास गोठतात ते तापमानही ती वर चढवीत असल्यामुळे, ती वगळताच नेहमीचीच आंच मिश्रणास जाचक ठरते. म्हणून चार बलक, १०० मिलिलिटर लिंबाचा रस आणि साखरेला पर्याय म्हणून ८० ग्रॅम दळलेले एरिथ्रिटॉल स्टीलच्या भांड्यात (पितळ व अॅल्युमिनियम आम्लामुळे सर्वथा त्याज्य) एकजीव करून, ते उकळत्या नव्हे, तर मंद वाफाळणाऱ्या पाण्यावर सतत ढवळीत राहावे आणि सुमारे ७५ अंश सेल्सिअसला, चमच्याच्या पाठीवर त्याचा लेप टिकू लागताच, खाली उतरवून त्यात ८० ग्रॅम थंड लोणी थोडेथोडे घोटावे. एरिथ्रिटॉल साखरेहून कमी गोड असते आणि थंडाव्यात त्याचे स्फटिक पुन्हा जमतात. यास्तव त्याचे प्रमाण न वाढविता उरलेली गोडी स्टिव्हियाच्या एकदोन थेंबांनी साधणे मला अधिक पसंत आहे. बरणी फ्रिजमध्ये ठेवून आठवड्याच्या मुदतीत संपवावी. कर्बोदके अल्प असली तरी स्निग्धांश विपुल आहे, तेव्हा एका वेळी चमचाभरच घ्यावे.