कोकणच्या सहलीआधी समुद्राचे घड्याळ वाचा

कोकणची सहल ठरली की आपण सामानाची यादी करतो. टोपी, टॉवेल, कपड्यांचा जादा जोड, पाण्याची बाटली. त्या यादीत एक गोष्ट सहसा नसते, ती म्हणजे सहलीच्या दिवसाची तिथी! तिथीचा आणि सहलीचा काय संबंध, असे तुम्ही विचाराल. हा संबंध जिवाशी आहे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडून मरण पावले. पावसाळा तेव्हा केव्हाच संपलेला होता. पावसाळा नसला म्हणजे समुद्र निर्धोक असतो, असे नाही.

पाऊणपटीचे गणित

भरती-ओहोटी मुख्यतः चंद्राच्या आकर्षणामुळे होते. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज तेवढीच उशिरा येते. यावरून कोकणात एक सोपे गणित रूढ आहे: तिथीची पाऊणपट करा, म्हणजे भरती पूर्ण होण्याची वेळ मिळते. समजा, चतुर्थी आहे. ४ ची पाऊणपट ३. म्हणून सुमारे ३ वाजता पूर्ण भरती. त्याच्या सव्वासहा तास आधी, म्हणजे पावणेनऊच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला भरती १२ च्या आसपास असते. पौर्णिमेनंतर तिथी पुन्हा प्रतिपदेपासून मोजायची.

अलिबागचा कुलाबा किल्ला पाहायला ओहोटीच्या वेळी चालत जाता येते. अष्टमीला गणिताने भरती ६ वाजता, म्हणजे ओहोटी भर दुपारी १२ ला. मग अष्टमी सोयीची, नाही का? येथेच फसगत होते. अष्टमीच्या सुमारास सूर्य आणि चंद्र यांची आकर्षणे एकमेकांना काटकोनात असतात. त्यामुळे भरती कमी चढते आणि ओहोटीही कमी उतरते. हिला भांगाची भरती म्हणतात. त्या दिवशी वाट पुरती उघडी पडेलच असे नाही. उलट, पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाणी खूप उतरते, पण परतताना तितकेच झपाट्याने चढते. म्हणून किल्ल्यावरून पाणी वळण्यापूर्वी निघावे. हे गणित ढोबळ आहे, त्यात तासाभराचा फरक पडू शकतो. तेव्हा भरती-ओहोटीचा तक्ता पाहा आणि स्थानिक कोळी बांधवांना विचारा.

पाण्याची ओढ

लाटांबरोबर किनाऱ्याकडे आलेले पाणी परत कोठून जाते? पुष्कळदा ते एखाद्या अरुंद पट्ट्यातून वेगाने आत ओढले जाते. त्या पट्ट्यात लाटा कमी फुटतात, पाणी शांत आणि गडद दिसते. नवख्या माणसाला नेमकी तीच जागा पोहायला चांगली वाटते! खाडीच्या मुखाशी तर ओहोटीच्या वेळी खाडीचे पाणीही समुद्राकडे धावत असते. तेथे पाण्यात उतरूच नये.

अशा ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे तोंड करून झगडू नका, त्यात दम संपतो. तरंगत राहा, हात वर करून हाक मारा. पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याबाहेर या आणि मग किनाऱ्याकडे वळा. मित्र बुडताना दिसला तरी मागोमाग उडी घेऊ नका. दोर किंवा झाकण घट्ट लावलेला रिकामा प्लॅस्टिकचा डबा फेका आणि मोठ्यांना बोलवा.

घाम वाळत का नाही?

नागपूरचे तापमान मे महिन्यात ४० अंशांच्या वर जाते, कोकणात ते त्याहून कमी असते. तरी कोकणात जीव नकोसा होतो. घामाच्या १ ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता शरीरातून जाते. हवा आधीच बाष्पाने भरलेली असेल तर घाम वाळत नाही, नुसता निथळतो. पाणी आणि मीठ जाते, पण गारवा मिळत नाही. म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता पाणी, शहाळे किंवा मीठ घातलेले कोकम सरबत घेत राहा. दुपारी समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याने बरे वाटते, पण अतिनील किरण त्याने अडत नाहीत. अंगभर सुती कपडे आणि टोपी हवीच.

करून पाहा

पुळणीवर पोचताच पाण्याच्या कडेला एक काठी रोवा आणि वेळ टिपा. दर पंधरा मिनिटांनी पाणी काठीच्या पुढे गेले की मागे, ते वहीत लिहा. तासाभरात भरती चालू आहे की ओहोटी, हे कळेल. मग तिथीची पाऊणपट करून उत्तर पडताळा. आणि ही काठी रोवून पाणी कोठे चालले आहे ते कळेपर्यंत, कोणीही घोट्याहून खोल पाण्यात जाऊ नये.