पागोळीखालचं टेबल

प्रश्न : घरामागे अवजारांची पत्र्याची शेड आहे. तिला लागून, उघड्यावरच, मी सुतारकामासाठी टेबल केलं होतं. चार पाय दीड फूट जमिनीत पुरले, वर आंब्याच्या फळ्या ठोकल्या आणि ऑइलपेंटचे दोन हात दिले. तिसऱ्या पावसाळ्यात टेबल कलंडलं. पाय नेमके मातीलगत कुजलेले. खोल पुरलेला भाग त्या मानाने बरा निघाला. इकडे आमच्या विहिरीच्या तळाशी आजोबांच्या वेळचं जांभळीचं लाकूड अजून शाबूत आहे. बारा महिने पाण्यात असलेलं टिकतं आणि चार महिने भिजणारं कुजतं, हे कसं? आणि नवं टेबल कसं करू?
– एक वाचक, ता. संगमेश्वर

उत्तर : लाकूड कुजवते ती बुरशी, आणि तिला ओल लागते तशी हवाही लागते. विहिरीच्या तळाशी ओल मुबलक, पण लाकडाच्या रंध्रारंध्रांत पाणी भरलेलं असतं, हवा शिरायला वाव नसतो. घरातल्या कपाटाला हवा भरपूर मिळते, पण त्याच्या लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या खाली असला की तिथे बुरशी रुजत नाही. मातीलगतच्या चार बोटांत मात्र दोन्ही गोष्टी तिच्या हाताशी असतात. कुंपणाचा खांबही तिथेच मोडतो, आठवून पाहा.

त्यात लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची जुडी. झाडाने मुळांपासून शेंड्यापर्यंत पाणी चढवलं ते याच नळ्यांतून. फळीच्या अंगावरून पाणी ओघळून जातं, पण कापलेल्या तोंडातून ते आत ओढलं जातं. तुम्ही चारही पायांची तोंडं मातीत पुरलीत. वर कितीही रंग लावला असता तरी खालून पिणं थांबलं नसतं. उलट आत गेलेल्या पाण्याला रंगाने बाहेर पडू दिलं नाही.

आपल्या जुन्या कारागिरांनी हे ओळखलं होतं. कुठल्याही वाड्यात लाकडी खांबाच्या बुडाशी वाकून बघा, तो जमिनीत पुरलेला नसतो, दगडी तळखड्यावर उभा असतो. तुमच्या टेबलालाही चार तळखडेच हवेत. ते जांभ्याचे करू नका. चिरा सच्छिद्र असतो, पाणी पितो आणि वर चढवतो. काळा दगड घ्या, खाली खडीचा थर द्या आणि दगड जमिनीपासून निदान वीतभर वर राहू द्या. पायाचं तोंड आणि दगड यांच्यामध्ये ट्रकच्या जुन्या ट्यूबचा तुकडा, पायाहून किंचित लहान कापून, घाला. त्याआधी पायांची तोंडं रात्रभर तेलात उभी करून ठेवा, पिईल तेवढं पिऊ दे.

आता जागा. टेबल शेडला लागून होतं म्हणता, म्हणजे बहुधा पागोळ्यांच्या रेषेतच. तिथे पावसाचं पाणी एकदा वरून पडतं आणि दुसऱ्यांदा लाल चिखल घेऊन खालून उडतं. हे खालचं उडणं जास्त वाईट, कारण ओली माती पायाला चिकटून राहते. शेडला पन्हळ लावा, नाहीतर टेबल पागोळीच्या रेषेपासून दोन-अडीच फूट बाहेर घ्या. कोकणातली झड पश्चिमेकडून आणि नैऋत्येकडून येते, म्हणून शेडच्या पूर्वेची बाजू मिळाली तर तीच निवडा. माझं मत विचाराल तर त्याच बाजूला पत्र्याचा चार फुटी छज्जा काढणं हा सगळ्यात मोलाचा खर्च आहे. रंगाचे दहा हात त्याची बरोबरी करणार नाहीत.

लाकूड साग, ऐन किंवा किंजळीचं घ्या, पण गाभ्याचं. सालीलगतचा फिका भाग सागाचा असला तरी बुरशीला आणि वाळवीला तितकाच गोड लागतो. आंबा खोक्यांना ठीक, उघड्यावर नको. दुकानदार प्लायवूड सुचवील. त्यावर आयएस ३०३ आणि एमआर असा शिक्का असेल तर तो माल दमट हवेपुरता आहे, पावसाचा नाही. आयएस ७१० हे मरीन प्लाय, पण त्याच्याही कडा उघड्या ठेवून चालत नाही.

वरच्या फळ्या दीड ते दोन इंच जाडीच्या घ्या आणि एकमेकींना भिडवू नका. दोन फळ्यांत पेन्सिल जाईल एवढी फट ठेवा. पाणी खाली जातं, फळीला फुगायला जागा मिळते, भुसाही साचत नाही. रंधा मारताना टेबल डुलू नये म्हणून पायांना तिरक्या पट्ट्या हव्यात; त्या आणि खालच्या आडव्या पट्ट्या जमिनीपासून हातभर उंचावर बसवा. उंची अशी धरा की सरळ उभं राहून हात सोडला आणि तळवा आडवा केला की तो टेबलावर टेकावा.

जोडायला साधे खिळे नकोत. ऐन, किंजळ आणि हिरडा हे एकाच गणगोतातले. हिरडा आणि लोखंड यांपासून काळी शाई होते, तसेच साध्या खिळ्याभोवती ओल्या लाकडात काळे डाग पडतात आणि खिळाही गंजत जातो. स्टेनलेसचे नट-बोल्ट वापरा.

रंगाऐवजी तेल लावा. बेलतेल चालतं, एक हात पावसाआधी, एक दसऱ्यानंतर, लाकूड पूर्ण सुकल्यावर. तेलाच्या चिंध्या मात्र बोळा करून शेडमध्ये टाकू नका, त्या आपोआप पेट घेऊ शकतात. उन्हात पसरून कडक वाळवा, मगच फेका. काजूच्या टरफलांचं तेल वाळवीवर आपल्याकडे पूर्वीपासून वापरतात आणि ते मला पसंत आहे, पण कातडी भाजून फोड येतात. हातमोजे घालूनच काम करा आणि मुलांना लांब ठेवा.

जुन्या टेबलाच्या फळ्या टाकण्याआधी दाभण घ्या आणि टोकांजवळ, खिळ्यांच्या भोकांजवळ रुतवून पाहा. सहज आत गेलं तर तेवढा भाग, पुढचं वीतभर लाकूड धरून, कापून काढा. उरेल त्याचं शेडच्या आत एक मांडण नक्की होईल.