एन्झो बेआर्झोत : खेळाडू ते प्रशिक्षक

फुटबॉलच्या प्रशिक्षकाचे काम कोणते, असा प्रश्न विचारला तर सामान्यतः दोन उत्तरे मिळतात. उत्तम खेळाडूंची निवड करणे हे पहिले, आणि योग्य डावपेचांनी त्यांच्याकडून खेळ करवून घेणे हे दुसरे. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. परंतु ती अपुरी आहेत. निवडलेल्या खेळाडूचा खेळ काही काळ खालावला आणि वृत्तपत्रे त्याच्यावर तुटून पडली, तर प्रशिक्षकाने काय करावे? त्याला वगळावे की राखावे? राखावे, तर किती काळ? या प्रश्नाचा विचार करताना इटलीच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक एन्झो बेआर्झोत यांची कारकीर्द विशेष उद्बोधक ठरते.

घडण

बेआर्झोत यांचा जन्म २६ सप्टेंबर १९२७ रोजी ईशान्य इटलीतील फ्रिउली प्रदेशात, आयेल्लो या गावी झाला. खेळाडू म्हणून ते मधल्या फळीत, बचावाला हातभार लावणाऱ्या जागी खेळत. या जागेवरील खेळाडूच्या वाट्याला कष्ट पुष्कळ आणि कौतुक थोडे येते. मिलान शहराचा इंटर, सिसिलीतील कातानिया आणि त्यानंतर मुख्यतः तोरिनो या संघांकडून ते १९६४ पर्यंत खेळले. राष्ट्रीय संघाकडून खेळण्याची संधी त्यांना केवळ एकदाच मिळाली. १९५५ च्या नोव्हेंबरमध्ये बुडापेस्ट येथे झालेला तो सामना हंगेरीने २-० असा जिंकला. बेआर्झोत हे चांगले, परंतु असामान्य नव्हे, असे खेळाडू होते. थोर खेळाडू हाच थोर प्रशिक्षक होतो ही समजूत किती फसवी आहे, हे त्यांच्या उदाहरणावरून दिसून येते.

तोरिनो येथेच नेरेओ रोक्को या ख्यातनाम प्रशिक्षकाच्या हाताखाली त्यांनी या विद्येचे पहिले धडे घेतले. पुढे प्रातो या तिसऱ्या श्रेणीतील लहान संघाची सूत्रे त्यांनी अल्पकाळ सांभाळली आणि लगेच राष्ट्रीय फुटबॉल महासंघाच्या सेवेत प्रवेश केला. ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. मोठ्या व्यावसायिक संघाचे प्रमुख प्रशिक्षकपद त्यांनी कधीच भूषविले नाही. तेवीस वर्षांखालील राष्ट्रीय संघाची जबाबदारी अनेक वर्षे त्यांच्याकडे होती. त्यामुळे तरुण खेळाडूंची पारख करण्याचा आणि त्यांना वाढताना पाहण्याचा दीर्घ अनुभव त्यांच्या गाठीशी जमा झाला.

नवा संघ

१९७४ च्या विश्वचषक स्पर्धेत पोलंडकडून पराभूत होऊन इटलीचा संघ पहिल्याच फेरीत बाहेर पडला. संघाच्या पुनर्रचनेचे काम प्रथम फुल्व्हिओ बेर्नार्दिनी यांच्याकडे आले. १९७५ मध्ये बेआर्झोत त्यांचे सहकारी झाले आणि १९७७ पासून सर्व सूत्रे एकट्या बेआर्झोत यांच्या हाती आली.

त्या काळी इटलीचा खेळ ‘कातेनाच्चो’ या पद्धतीसाठी प्रसिद्ध होता. या इटालियन शब्दाचा अर्थ दाराचा अडसर असा आहे. प्रतिपक्षाच्या प्रत्येक आघाडीवीरामागे एकेक बचावपटू नेमावयाचा, आणि या सर्वांच्या पाठीमागे ‘लिबेरो’ म्हणजे मोकळा राहणारा एक खेळाडू ठेवावयाचा, अशी त्याची रचना असे. बेआर्झोत यांनी हा अडसर काढून टाकला नाही. मात्र दार उघडण्याची सोय केली. लिबेरोच्या जागी असलेला गाएतानो शिरेआ चेंडू घेऊन पुढे येऊ लागला. डाव्या बगलेचा बचावपटू आंतोनिओ काब्रीनी चढाईत सामील होऊ लागला. १९७८ मध्ये अर्जेंटिनातील विश्वचषक स्पर्धेत या संघाने यजमानांना १-० असे हरविले. अंतिम विजेत्या ठरलेल्या अर्जेंटिनाचा त्या स्पर्धेतील तो एकमेव पराभव होय. इटलीला चौथे स्थान मिळाले.

त्या स्पर्धेत गोलरक्षक दीनो झोफ याच्यावर लांबून मारलेल्या चेंडूंनी काही गोल झाले. झोफचे वय तेव्हा छत्तीस होते. त्याची दृष्टी मंदावली असल्याची चर्चा वृत्तपत्रांत सुरू झाली. बेआर्झोत यांनी त्याला संघात कायम ठेवले, एवढेच नव्हे, तर पुढे त्याच्याकडे संघाचे नेतृत्वही राहिले.

१९८२ ची कसोटी

पाओलो रोस्सी याच्या बाबतीत हीच रीत अधिक कठीण परीक्षेला उतरली. १९८० साली इटलीत सामन्यांच्या निकालांवरील सट्टेबाजीचे प्रकरण उघडकीस आले. त्यात रोस्सीवर खेळण्याची बंदी घालण्यात आली, आणि ती नंतर दोन वर्षांवर आणण्यात आली. आपण निर्दोष आहोत, असे तो सदैव सांगत राहिला. बंदी संपली तेव्हा हंगामातील केवळ तीन सामने त्याच्या वाट्याला आले. इकडे रोमा संघाचा रोबेर्तो प्रुत्सो सलग दोन हंगाम देशातील सर्वाधिक गोल नोंदविणारा खेळाडू ठरला होता. असे असूनही बेआर्झोत यांनी स्पेनला रोस्सीला नेले, प्रुत्सोला नाही. या निवडीवर टीकेचे मोहोळ उठले.

स्पर्धेचा आरंभ टीकाकारांना बळ देणारा होता. व्हीगो येथे पोलंडशी ०-०, पेरूशी १-१ आणि कॅमेरूनशी १-१ अशी बरोबरी झाली. कॅमेरूननेही तिन्ही सामने बरोबरीत सोडविले होते; केवळ एक गोल अधिक नोंदविला म्हणून इटलीला पुढील फेरीत प्रवेश मिळाला. रोस्सीच्या नावावर एकही गोल नव्हता. वृत्तपत्रांतील मजकूर इतका बोचरा झाला, की खेळाडूंनी वार्ताहरांशी बोलणेच बंद केले. संघाच्या वतीने केवळ कर्णधार झोफ बोलेल असे ठरले. आणि झोफ तर मुळातच अबोल होता!

बेआर्झोत यांनी रोस्सीला वगळले नाही. हा केवळ हट्ट होता काय? तसे म्हणता येणार नाही. अंतिम सामन्याला आरंभ करणाऱ्या अकरा खेळाडूंपैकी झोफ, जेंतीले, शिरेआ, काब्रीनी, तार्देल्ली आणि रोस्सी हे सहा जण युव्हेंतुस या एकाच संघाचे होते. एकमेकांच्या हालचाली त्यांना अंगवळणी पडलेल्या होत्या. अशा जुळलेल्या संघात नवा माणूस बसवावयाचा, तर त्याची किंमत इतर दहा जणांनाही मोजावी लागते.

दुसऱ्या फेरीत इटलीने अर्जेंटिनाला २-१ असे नमविले. ५ जुलै रोजी बार्सिलोना येथे ब्राझीलशी गाठ पडली. ब्राझीलला बरोबरीही पुरेशी होती. इटलीने तीनदा आघाडी घेतली, ब्राझीलने ती दोनदा फेडली. इटलीचे तिन्ही गोल रोस्सीचे होते. सामना संपता संपता ब्राझीलच्या ऑस्करने डोक्याने मारलेला चेंडू झोफने गोलरेषेवर अडविला आणि ३-२ हा निकाल कायम राहिला. ज्या दोघांना वगळावे असा आग्रह धरला गेला होता, त्यांनीच तो सामना जिंकून दिला.

उपान्त्य सामन्यात पोलंडविरुद्धचे दोन्ही गोल रोस्सीनेच केले. ११ जुलै रोजी माद्रिद येथे इटलीने पश्चिम जर्मनीला ३-१ असे हरविले आणि १९३८ नंतर प्रथमच विश्वचषक मिळविला. दुसऱ्या गोलापूर्वी लिबेरो शिरेआ थेट जर्मनीच्या गोलक्षेत्रात जाऊन चेंडू खेळवीत होता. अडसराचे दार झाले होते. चषक स्वीकारणारा झोफ चाळीस वर्षांचा होता. एकूण सहा गोल करणारा रोस्सी स्पर्धेतील सर्वाधिक गोलांचा मानकरी ठरला.

गुणाची दुसरी बाजू

येथेच कथा थांबविली, तर अभ्यास अपुरा राहील. विजयी संघावरील बेआर्झोत यांची निष्ठा पुढेही टिकली. खेळाडूंचे वय मात्र थांबले नाही. १९८४ च्या युरोपीय स्पर्धेच्या पात्रता फेरीत इटलीने आठ सामन्यांपैकी केवळ एक जिंकला आणि तोही सायप्रसविरुद्ध. १९८६ मध्ये मेक्सिको येथे फ्रान्सने इटलीला २-० असे पराभूत केले. रोस्सी त्या संघात होता, परंतु त्याला एकाही सामन्यात खेळविण्यात आले नाही. या स्पर्धेनंतर बेआर्झोत यांनी पद सोडले. १०४ सामन्यांत त्यांनी राष्ट्रीय संघाचे मार्गदर्शन केले होते. २१ डिसेंबर २०१० रोजी मिलान येथे त्यांचे निधन झाले.

१९८२ चे यश आणि त्यानंतरची घसरण यांचे मूळ एकच होते, असे म्हणावे लागते. ज्या विश्वासाने रोस्सीला उभे केले, त्याच विश्वासाने संघाचे नूतनीकरण लांबणीवर टाकले. मग विश्वास हा दोष मानावा काय? खेळाडूचे कौशल्य शाबूत असून केवळ त्याचा आत्मविश्वास ढळला असेल, तर प्रशिक्षकाचा विश्वास औषधाप्रमाणे लागू पडतो. शरीराची शक्तीच ओसरू लागली असेल, तर तेच औषध निष्प्रभ ठरते. या दोन अवस्थांमधील भेद बाहेरून सहज दिसत नाही. तो ओळखणे हीच प्रशिक्षकाची खरी विद्या होय; आणि १९८२ च्या त्या उन्हाळ्यात, सारे जग विरुद्ध बाजूला उभे असताना, बेआर्झोत यांनी तो अचूक ओळखला होता.