हजेरीपटाचे वाचन

वर्गात गुरुजी हजेरी घेतात ती मोठ्याने. एखाद्याने गैरहजर मित्राच्या नावाला 'हजर' म्हटले, तर साऱ्या वर्गात खसखस पिकते. मुलांनो, हीच हजेरी बंद खोलीत भरली गेली तर?

राजस्थानातील दुष्काळी भागांत सरकार तलाव आणि रस्ते यांची कामे काढी. मजुरीचा दर ठरलेला असे. पण मजुरांच्या हाती पुष्कळदा त्याहून कमी पैसे पडत. कारण विचारावे, तर उत्तर मिळे, "तुमचे काम कमी भरले. कागदांत तशी नोंद आहे." कागद दाखवा म्हटले, तर ते सरकारी, म्हणून गोपनीय! या नकाराच्या पाठीशी इंग्रजी अमदानीतील १९२३ चा शासकीय गुपिते कायदा उभा होता. परक्या सत्तेला रयतेपासून लपवण्याजोगे पुष्कळ असते. परंतु स्वतंत्र देशातील मजुराने आपल्याच घामाचा हिशेब पाहू नये, हा कोठला न्याय?

१९९० साली अरुणा रॉय, निखिल डे आणि शंकर सिंह यांच्या पुढाकाराने 'मजदूर किसान शक्ती संघटन' उभे राहिले. २ डिसेंबर १९९४ रोजी कोट किराना या गावी त्याने पहिली जनसुनावणी भरवली. खटपटीने मिळवलेल्या सरकारी नोंदी गावकऱ्यांसमोर मोठ्याने वाचण्यात आल्या. अशा सुनावण्यांतून विलक्षण गोष्टी उघड झाल्या. कामावर कधी न गेलेल्यांच्या नावे मजुरी दिल्याचे लिहिलेले. इतकेच नव्हे, तर हजेरीपटात मृतांचीही नावे! कचेरीतील साहेबाला हे कसे कळावे? गावाला मात्र ऐकताक्षणीच कळले.

१९९६ मध्ये ब्यावर येथे लोकांनी चाळीस दिवस धरणे धरले. महाराष्ट्रात अण्णा हजारे यांनी हीच मागणी लावून धरली आणि २००२ साली राज्याचा कायदा झाला. पुढे २००५ मध्ये माहितीचा अधिकार देशभर मिळाला. केंद्र सरकारच्या कार्यालयात दहा रुपये शुल्क भरून अर्ज केल्यास सामान्यतः तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते.

मग सरकारने काहीच गुप्त ठेवू नये काय? तसे नाही. सैन्याच्या हालचाली शत्रूला कळणे घातक होय. देशाच्या सुरक्षिततेला बाध आणणारी माहिती नाकारता येते. अडचण अशी की, 'गोपनीय' हा शिक्का आपली चूक झाकण्यासही उपयोगी पडतो. म्हणून नकाराविरुद्ध अपील करण्याची सोय आहे. १९२३ चा कायदा अद्याप रद्द झालेला नाही. मात्र दोहोंत विरोध आल्यास २००५ चा कायदाच वरचढ ठरतो.